प्रवेश मिळाला, पुढे काय?

(राष्ट्रीय विज्ञान दिवसानिमित्त अभ्यासलेख : इयत्ता ९ वी ते १२ वी, पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी)



दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या सभागृहात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिवस म्हणून साजरा होतो. यंदा त्या तसबिरीशेजारी आपण आणखी एक तसबीर लावणार आहोत. ती आहे आपल्या इंदुरात जन्मलेल्या डॉ. कमला सोहोनी यांची. हे दोघे १९३३ साली बंगळूरला एकमेकांसमोर उभे होते. एकाच्या हाती प्रवेशाचा अधिकार होता आणि दुसरीला प्रवेश हवा होता. तिथे काय घडले आणि त्यानंतर काय घडत राहिले, हा आजचा धडा.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आजही विज्ञान शिकवताना ‘भौतिकी’, ‘विलयन’, ‘कोशिका’ हेच शब्द आधी ओठांवर येतात. तेव्हा भाषेत कुठे चूक राहिली असेल तर आपल्या मराठीच्या शिक्षिका ती सुधारतीलच, आपणही सांभाळून घ्यावे.

१. इंदूरच्या दोन बहिणी

भागवतांच्या घरातली एक मुलगी १९१० साली जन्मली, दुसरी १९११ साली. थोरली म्हणजे आपल्या सर्वांना माहीत असलेल्या लेखिका दुर्गा भागवत. धाकटी कमला. दुर्गाबाईंचे नाव आपल्याकडे मराठीच्या तासाला नेहमी निघते. कमलाबाईंचे नाव मात्र विज्ञानाच्या तासाला निघत नाही. मी स्वतः एम.एस्सी. झाले तोपर्यंत ते ऐकलेही नव्हते, आणि मी शिकले ते याच माळव्यात.

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन उत्तीर्ण झाल्या, त्याही गुणवत्ता यादीत सर्वांत वर. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवलेच होते. त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते रामन. अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार मुलगी होती, हे कारण होते.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि त्यांनी कारण विचारले. मागे न हटता त्यांनी रामन यांच्या दालनाबाहेर सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, काम पाहून मग निर्णय होणार होता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशी तिसरी अट होती.

विद्यार्थ्यांनो, या अटी पुन्हा एकदा सावकाश वाचा. गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या कुठल्या मुलाला अशा अटी घातल्या गेल्या असत्या का? कमलाबाईंनी त्या मान्य केल्या, कारण काम करायचे होते. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर संशोधन केले आणि १९३६ साली विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पदवी मिळवली. पहिल्या वर्षानंतर रामन यांचे मत बदलले होते आणि त्यानंतर त्यांनी मुलींना संशोधनासाठी प्रवेश देण्यास सुरुवात केली. कमलाबाईंना मात्र तो अपमान उतारवयातही विसरता आला नाही. त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला.

रामन थोर शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या तसबिरीला हार यंदाही घातला जाईल. पण थोर माणसाच्या हातूनही अन्याय होऊ शकतो. तो सांगितल्याने आदर कमी होत नाही आणि लपवल्याने वाढत नाही.

२. बटाटा, केंब्रिज आणि चाळीस पाने

पुढे कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. तिथे त्यांनी आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. ही प्रयोगशाळा नोबेल पारितोषिक विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागातली.

अकरावीच्या मुलांनी जीवशास्त्रात वनस्पतींचे श्वसन वाचले आहे. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता यावी म्हणून इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे सोपवले जातात. या साखळीत ‘सायटोक्रोम सी’ नावाचे एक छोटे प्रथिन इलेक्ट्रॉन पोहोचवण्याचे काम करते. कमलाबाई बटाट्यावर काम करत होत्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि श्वसनात भाग घेते, हे त्यांनी दाखवून दिले. या कामावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या चाळीस पानांचा आणि काम झाले चौदा महिन्यांत. विज्ञानात ब्रिटिश विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. प्रकल्पाच्या वह्या जाड करण्यासाठी पाने वाढवणाऱ्यांनी यातून घ्यायचा तो बोध घ्यावा!

३. गोष्ट इथे संपत नाही

आपण शाळांमध्ये थोरांच्या गोष्टी सांगतो त्या बहुधा इथे थांबतात. मुलीला नाही म्हटले, तिने जिद्द दाखवली, प्रवेश मिळाला, पदवी मिळाली, टाळ्या. माझ्या मते खरा अभ्यास इथून पुढे आहे.

१९३९ साली कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर नीलगिरीतील कुन्नूर येथे पोषण संशोधन प्रयोगशाळेच्या सहायक संचालक झाल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केले. केंब्रिजची पीएच.डी., हॉपकिन्स यांच्या विभागातला अनुभव, सगळे काही होते. तरीही तिथे पुढे जाण्याचा मार्ग स्पष्ट दिसेना आणि त्या नोकरी सोडण्याचा विचार करू लागल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, भात, नीरा अशा गरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर संशोधन केले. नीरा म्हणजे ताडाच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना तिचा काय उपयोग होतो, हे त्यांनी तपासले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. पण ते पद त्यांच्याकडे सुमारे चार वर्षे उशिरा आले आणि त्यामागे संस्थेतले अंतर्गत राजकारण होते, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. उतारवयात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांनी त्यांचा गौरव केला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

म्हणजे बघा, १९३३ साली दार उघडले, पण पुढच्या प्रत्येक पायरीवर पुन्हा नवे दार होतेच. प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आहे आणि पुढे जाणे ही दुसरी. पहिली गोष्ट एकटीच्या हुशारीने आणि हिमतीने साधू शकते. दुसरी मात्र इतरांनी केलेल्या नियमांवर आणि इतरांच्या सवयींवर अवलंबून असते.

४. नियम सर्वांना सारखाच?

कमलाबाईंनी उघडलेल्या दारातून पुढे ज्या मुली गेल्या, त्यांत केरळच्या अ‍ॅना मणी होत्या. १९४० साली त्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणके यांतून निघणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी अभ्यास केला. १९४५ साली त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. पण त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही, म्हणून पीएच.डी. नाकारण्यात आली. केलेले संशोधन समोर होते, नियम आडवा आला.

अ‍ॅना मणी थांबल्या नाहीत. इंग्लंडला जाऊन त्यांनी हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले. १९४८ साली त्या भारतीय हवामान विभागाच्या पुणे येथील कार्यालयात रुजू झाल्या. परदेशातून आणावी लागणारी उपकरणे आपल्या देशात बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्या ‘डॉक्टर’ कधीच झाल्या नाहीत.

हा नियम स्त्रियांसाठी वेगळा केलेला नव्हता, हे खरे. पण दिसायला सारखे असणारे नियम सर्वांना सारखे लागू पडतातच असे नाही. वयाचा नियम घ्या. शास्त्रज्ञाच्या पायाभरणीची वर्षे म्हणजे साधारण पंचवीस ते चाळीस. हीच वर्षे आपल्याकडे लग्नाची, बाळंतपणाची आणि लहान मुलांची. देशातला मानाचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार पंचेचाळीस वर्षांच्या आत मिळवायचा असे. १९५८ पासून तो दिला जाऊ लागला. १९६१ साली रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी यांच्या रूपाने तो पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला. त्यानंतरचे दुसरे नाव अर्चना शर्मा यांचे, आणि ते आले १९७५ साली, म्हणजे चौदा वर्षांनी.

५. आजचे चित्र

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सुमारे ५७.२ लाख विद्यार्थी शिकत होते. त्यांतल्या सुमारे २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे शंभरात सुमारे बावन्न! आता दुसरा आकडा. २०१८ सालच्या सरकारी आकडेवारीनुसार संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष असणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्के होते. म्हणजे शंभरात सुमारे सतरा.

गणिताचे विद्यार्थी म्हणतील की मॅडम, हे दोन आकडे एकाच पिढीचे नाहीत. बरोबर आहे. आज वर्गात बसलेल्या मुली अजून प्रयोगशाळेत पोहोचायच्या आहेत. पण त्या आपोआप पोहोचतील असे समजून स्वस्थ बसणे चुकीचे ठरेल, कारण गळती होते ती वर्ग आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या पायऱ्यांवर.

काही चांगलेही घडले आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला २०२० साली चंद्रिमा शाहा यांच्या रूपाने पहिली महिला अध्यक्ष मिळाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या महिला महासंचालक एन. कलैसेल्वी यांची नेमणूक २०२२ साली झाली. त्यांचे शालेय शिक्षण तमिळ माध्यमातून झाले होते, हे हिंदी-मराठी माध्यमाचा संकोच बाळगणाऱ्या मुलींनी जरूर लक्षात ठेवावे. सरकारनेही काही नियम बदलले. संसारामुळे काम सुटलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात येता यावे म्हणून विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खास योजना सुरू केली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत पाळणाघर बंधनकारक झाले. हे बदल महत्त्वाचे आहेत, कारण नियम लिहिलेला असला की कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

६. एक कबुली

आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला संकोच वाटतो. पण दुसऱ्यांच्या चुका सांगितल्यावर आपली लपवणे बरे नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मला संशोधन करायचे होते. एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे गेले. ते हिंदीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा, की मुली लग्न करून निघून जातात आणि जागा वाया जाते. ते रागावून बोलले नव्हते, अगदी मायेने बोलले होते. मी घरी आले आणि बी.एड.चा अर्ज भरला. शिक्षिका झाल्याचे मला दुःख नाही. पण तो निर्णय माझा नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

एवढे सोसल्यावर मी तरी शहाणी व्हायला हवे होते. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतून भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाला तीन आठवड्यांच्या निवासी प्रशिक्षणाला पाठवायचे होते. सेवाज्येष्ठतेने पहिला हक्क आपल्या एका शिक्षिकेचा होता. तिचे बाळ आठ महिन्यांचे होते. मी मनात म्हटले, कशाला बिचारीला अडचणीत टाका. आणि तिच्या मागच्या सहकाऱ्याचे नाव पाठवले. पुढच्या वर्षी विभागप्रमुख नेमायचा होता. प्रशिक्षण घेतलेल्याला प्राधान्य, असा आपलाच नियम. पद अर्थातच त्या सहकाऱ्याला मिळाले. तेही गुणी शिक्षक होते, त्यांचा काही दोष नाही.

नंतर ती शिक्षिका माझ्याकडे आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “मॅडम, माझी आई येऊन राहणार होती. एकदा विचारून तर बघायचं होतं.”

मी तिचे भले चिंतले होते आणि नुकसान केले होते. त्या प्राध्यापकांत आणि माझ्यात मला काही फरक दिसेना. तिच्या परवानगीनेच हे लिहिले आहे. गेल्या वर्षापासून ती विभागप्रमुख आहे, पण मधली वर्षे मी तिला परत देऊ शकत नाही.

७. आपण काय करावे?

विद्यार्थिनींनी विषय निवडताना ‘हे मुलींना झेपेल का’ असे विचारू नये. ‘हे मला आवडते का आणि यासाठी काय करावे लागेल’ असे विचारावे. नववी ते बारावीच्या मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’ ही सरकारी योजना २०१९ पासून आहे, तिची माहिती ग्रंथालयातील फलकावर लावली आहे. आयआयटीमध्ये मुलींसाठी २०१८ पासून अतिरिक्त जागा ठेवल्या जातात. त्या कुणाच्या वाट्यातून काढलेल्या नाहीत, वाढवून दिलेल्या आहेत, हे मुलग्यांनीही समजून घ्यावे. मुलग्यांनी आणखी एक करावे. प्रयोगाच्या वेळी उपकरण आपल्या हातात आणि वही मैत्रिणीच्या हातात, ही आपल्या वर्गातली जुनी वाटणी यंदापासून बंद.

पालकांना विनंती अशी, की ‘शिकवू, पण इंदुरातच’ आणि ‘शिकवू, पण लग्नापर्यंत’ या दोन वाक्यांतला ‘पण’ एकदा तपासून पाहावा. कमलाबाईंच्या अटी संस्थेने घातल्या होत्या. या अटी आपण घरात घालतो. आणि मुलासाठी सून शोधताना तिची नोकरी चालेल का, एवढेच न विचारता तिचे काम पुढे जावे म्हणून आपल्या घरात काय बदलावे लागेल, हेही विचारावे.

विश्वस्त मंडळापुढे मी तीन प्रस्ताव ठेवत आहे. एक, प्रशिक्षण किंवा बढतीसाठी पात्र असलेल्या प्रत्येकाला लेखी विचारणा व्हावी आणि नकार असेल तर तो त्यांच्याच सहीने यावा. दोन, प्रसूती रजेच्या काळात प्रशिक्षण हुकले तर ते विभागप्रमुख निवडताना आड येऊ नये. तीन, आपले विज्ञान मंडळ संध्याकाळी सहानंतर भरते आणि अंधाराच्या भीतीने बहुतेक मुली येत नाहीत. ते शनिवारी सकाळी भरवावे. त्यासाठी एक पैसाही खर्च नाही.

आपल्याच शहरात राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र आहे आणि आयआयटी आहे. तिथे काम करणाऱ्या स्त्री-शास्त्रज्ञांना शाळेत बोलावण्याचा विचार आहे. त्यांना शोध काय लावला हे तर विचाराच, पण त्या पायरी पायरीने वर कशा गेल्या आणि कुठे अडल्या, हेही विचारा.

स्वाध्याय

१. कमला भागवत यांना घातलेल्या तीन अटी लिहा. त्यांतील प्रत्येक अट आजच्या कोणत्या सवयीशी जुळते?
२. सायटोक्रोम सी श्वसनाच्या साखळीत कोणते काम करते? आकृती काढून दाखवा. (इयत्ता ११ वी)
३. ५७.२ लाखांपैकी २९.८ लाख म्हणजे किती टक्के? या आकड्याची १६.६ टक्क्यांशी तुलना करताना कोणती काळजी घ्यावी?
४. अ‍ॅना मणी यांना पीएच.डी. नाकारणारा नियम योग्य होता का? दोन्ही बाजूंनी पाच-पाच ओळी लिहा.
५. घरातील आजी, आई, मावशी किंवा आत्या यांना विचारा : “तुला काय शिकायचे होते आणि ते कुठे थांबले?” उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणा.

पाचव्या प्रश्नाला गुण नाहीत. पण त्या वह्या मी स्वतः वाचणार आहे.

आपली,
प्राचार्या